लवकर गणितं संपवणाऱ्या मुलीचं काय करायचं?

शाळेत शिकवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांना वर्गात पुढे असलेल्या मुलांसाठीही तयार करा, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. मीही अशीच आठवड्यातून दोनदा चौथीच्या वर्गावर जाते. आम्हाला शिकवलं ते मागे पडणाऱ्यांना वर कसं आणायचं, एवढंच. एक मुलगी १० मिनिटांत सगळं संपवून खिडकीबाहेर बघत बसायची. मी काय केलं? आणखी १० वजाबाक्या दिल्या! (शिक्षाच की ती.) मग एका निवृत्त बाईंनी देवळालीचे शिक्षक आणि गणिती कापरेकर गुरुजी यांचं ६१७४ चं कोडं सुचवलं. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमानं लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमानं लावलेली वजा करायची, उत्तराचं पुन्हा तेच. उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य धरायचं. जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ येतंच. वजाबाकीच ती, पण पोरगी जागची हलेना. पुढच्या खेपेला विचारते, "ताई, तीन अंक घेतले तर?" ४९५ अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. प्रशिक्षणात हे गिळणं आधी शिकवा. तिनं दोन दिवसांत स्वतःच काढलं. आता दोन अंकी घेतले की ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३ असं गोल गोल का फिरतं, म्हणून माझ्या मागे लागली आहे.