'एसक्यूएल शिकू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'वेब डेव्हलपर व्हायचंय? मग एसक्यूएलवर वेळ घालवू नका', असं वर ठळक अक्षरात आणि खाली पाच मुद्दे. एसक्यूएल (डेटाबेसमधल्या टेबलांतून माहिती काढायची भाषा) पन्नास वर्षं जुनं, आता नोएसक्यूएलचा (टेबलांऐवजी वेगळ्या रचनेत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसांचा) जमाना. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, एआय लिहून देतो. उरलेलं फ्रेमवर्कमधलं ओआरएम (आपल्या कोडवरून एसक्यूएल तयार करणारा भाग) बघतं. नेटवरचं फुकटचं साहित्य जुनाट. आणि शेवटी खरं कारण: आमचा 45,000 रुपयांचा कोर्स लावा, त्यात 'आजच्या काळाचं' सगळं आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे वाचून त्यानं चांगला चाललेला सराव सोडून दिला आणि ताईचा मला फोन, "पैसे भरू काय रे?" नको भरूस. का, ते सगळ्यांनाच सांगतो, कारण हा मेसेज तिच्या एकटीकडे आलेला नाही.

जुनं आहे, हे खरंच आहे. माहिती टेबलांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडणारा एडगर कॉड यांचा निबंध 1970 चा, आणि एसक्यूएलचं पहिलं मानक 1986 चं. पण जुनं म्हणजे संपलेलं, हे कुठून आलं? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या 2024 च्या सर्वेक्षणात 65 हजारांहून जास्त डेव्हलपरांनी भाग घेतला. कुठल्या भाषा वापरता, या प्रश्नावर साधारण 51 टक्के लोकांनी एसक्यूएल सांगितलं. डेटाबेसमध्ये पहिला नंबर पोस्टग्रेसचा, म्हणजे एसक्यूएलवालाच. नोएसक्यूएलचं म्हणाल तर मोंगोडीबी या त्यातल्या डेटाबेसला 2015 मध्ये जॉइनसारखी, म्हणजे दोन ठिकाणची माहिती जोडायची, सोय आणावी लागली आणि 2018 मध्ये अनेक डॉक्युमेंटांवरचं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही). हा मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवर वाचताय, त्यातलं व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा तुमच्या चॅट एसक्यूलाइट या एसक्यूएलवाल्या डेटाबेसच्या फाइलमध्येच ठेवतं. हा मुद्दा इथंच सोडतो.

मला खरा राग आहे तो एआयच्या मुद्द्याचा. 'क्वेरी चालली म्हणजे झालं, समजून घ्यायची गरज नाही', हे वाक्य त्या मेसेजमध्ये जसंच्या तसं आहे. शिकणाऱ्या पोराला यापेक्षा घातक सल्ला देता येणार नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. समजा, मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्यासाठी तुम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करताय. तीन टेबलं आहेत: शेतकरी, पट्ट्या (माल विकल्याची बिलं) आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे). एका शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या झाल्या, 12,000, 15,000 आणि 13,000 रुपयांच्या. एकूण 40,000. त्यानं उचल घेतली दोनदा, 5,000 आणि 3,000. एकूण 8,000. त्याला देणं निघतं 32,000.

आता शेतकरी टेबलाला पट्ट्या जोडल्या, त्याच क्वेरीत उचलही जोडली आणि दोन्हींची बेरीज मागितली. काय होतं? प्रत्येक पट्टीसमोर प्रत्येक उचल येऊन बसते. तीन गुणिले दोन, सहा ओळी. पट्ट्यांची बेरीज दुप्पट होऊन 80,000 येते, उचलीची तिप्पट होऊन 24,000. देणं दिसतं 56,000. एरर नाही, लाल अक्षर नाही, क्वेरी झटक्यात चालली. अडत्याच्या खिशातून मात्र 24,000 रुपये जादा गेले. दुसऱ्या शेतकऱ्याच्या पट्ट्या जास्त आणि उचल एकच असेल, तर नुकसान त्याचं.

यावरचा उपाय अवघड नाही. पट्ट्यांची बेरीज शेतकऱ्यानुसार वेगळी काढायची, उचलीची वेगळी, आणि मग दोन्ही जोडायच्या. एआय बऱ्याचदा हे बरोबर लिहितोही, आणि एरर समजावून घ्यायला, नमुन्याचा डेटा बनवायला त्याची मदत होते, हे मी नाकारत नाही. पण चुकीचं लिहिलं तर ओळखणार कोण? ज्यानं जॉइननंतर ओळी कशा वाढतात ते स्वतः मोजून पाहिलंय, तोच. एका शेतकऱ्याचा हिशोब कागदावर करून क्वेरीच्या उत्तराशी ताडून बघायचं, एवढी सवय तरी लावून घ्या.

ओआरएमचं थोडक्यात. फ्रेमवर्क लॅराव्हेल असो की जँगो, त्यातलं ओआरएम आतून एसक्यूएलच लिहितं. शंभर शेतकऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या पट्ट्या दाखवायच्या असताना ते गुपचूप यादीची एक आणि प्रत्येकाची एक अशा 101 क्वेऱ्या मारू शकतं. क्वेरी लॉग (चाललेल्या क्वेऱ्यांची नोंद) वाचता आला तरच हे दिसतं, आणि लॉग असतो एसक्यूएलमध्ये.

राहिलं फुकटचं साहित्य. अगदी कोरे असाल तर एसक्यूएलबोल्टपासून सुरुवात करा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्येच क्वेरी लिहायची. त्यानंतर पोस्टग्रेसक्यूएल एक्सरसाइझेस: एका क्लबचे सभासद, सुविधा आणि बुकिंग अशी तीन टेबलं आणि त्यांवर चढत्या क्रमानं प्रश्न. जॉइन आणि अ‍ॅग्रिगेट (बेरीज, सरासरी वगैरे) हे दोन भाग नीट केले की वरची गुळाची चूक आपोआप डोळ्यांत भरते. व्हिडिओ लागत असतील तर हार्वर्डचा सीएस50 मधला एसक्यूएलचा कोर्स मोफत आहे. इंडेक्स (डेटाबेसमधला शोध जलद करणारी सूची) कळत नसेल तर मार्कस विनांड यांचं 'यूज द इंडेक्स, ल्यूक' नेटवर पूर्ण वाचता येतं. वेब डेव्हलपरसाठी इतकं नेमकं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. अडलं की पोस्टग्रेसची अधिकृत कागदपत्रं. कार्नेगी मेलन विद्यापीठातली अँडी पावलो यांची व्याख्यानं उत्तम आहेत, पण ती डेटाबेस आतून कसा बांधतात याची. आधी त्यांच्या नादी लागू नका.

'जुनाट' या आरोपात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. पीएचपी या वेबच्या भाषेचे कितीतरी जुने धडे अजून 'मायएसक्यूएल अंडरस्कोर क्वेरी' हे फंक्शन शिकवतात. ते 2013 मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि 2015 च्या पीएचपी 7 मधून काढूनच टाकलं. यूट्यूबवरही असले धडे भरपूर सापडतात. त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममध्ये आलेलं नाव थेट क्वेरीच्या मजकुरात चिकटवायला शिकवणारे धडे. एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे फॉर्ममधून घुसवलेल्या मजकुरानं क्वेरीच बदलून टाकण्याला, दार उघडतं ते तिथंच. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या धोक्यांच्या 2010, 2013 आणि 2017 या तिन्ही याद्यांत इंजेक्शनचा धोका पहिल्या क्रमांकावर होता.

त्यामुळे कुठलाही धडा, फुकटचा असो वा 45,000 चा, उघडल्यावर आधी लॉगिनचं उदाहरण काढून बघा. युजरनं टाइप केलेली माहिती क्वेरीपासून वेगळी, क्वेरीत तिच्यासाठी ठेवलेल्या प्रश्नचिन्हाच्या किंवा नावाच्या जागी पाठवलेली असेल तर पुढे वाचा. क्वेरीच्या मजकुरातच जोडलेली असेल तर ते पान बंद करा.