तपकिरी पाण्याचे साडेअठरा हजार

"वॉचमन काय झोपा काढत होता?" मन्याने हा प्रश्न टाकला आणि वाद तिथूनच पेटला.

विषय होता अण्णांच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या फसवणुकीचा. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा पुण्याला. ठाण्यात नौपाड्यातला जुना ब्लॉक त्यांच्या स्वतःच्या नावावर. गणपतीच्या आधी त्यांच्या वॉटर प्युरिफायरचा नळ ठिबकायला लागला. त्यांनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तासाभरात दोन पोरं हजर. गळ्यात ओळखपत्र, अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट आणि तोंडात सारखं 'आजी, आजी'. जाताना साडेअठरा हजार घेऊन गेली आणि जुनं मशीन काढून तिथे एक बिननावाचं लावून गेली. जुनं मशीनही 'एक्स्चेंज'मध्ये सोबत नेलं.

मन्याचं म्हणणं सरळ होतं. सोसायटीत गेटचं अ‍ॅप आहे, मग म्हाताऱ्या माणसांच्या घरी कोण येणार याची परवानगी मुलाच्या फोनवर जायला हवी. मुलगा हो म्हणाला तरच लिफ्टपर्यंत सोडायचं.

"अरे, पण त्यांना मावशींनीच बोलावलं होतं," अण्णा म्हणाले. "वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, त्या म्हणाल्या, पाठवा वर. त्याने अजून काय करायचं?"

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या डोक्यातला ठग दार वाजवून आत घुसणारा असतो. इथे गरज खरी होती, नळ खरोखर गळत होता. माणसाने स्वतः फोन केला की दार उघडताना मनात संशय उरतच नाही. खोटे कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर पेरून ठेवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मग पक्याने पाण्याचा प्रयोग काय असतो ते सांगितलं. पक्या एसी-फ्रीज दुरुस्त करतो, वागळे इस्टेटच्या बाजूला त्याचं दुकान आहे, त्यामुळे ही मंडळी त्याला चांगली माहीत आहेत. दोन ग्लास घेतात. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. वर एक छोटं यंत्र ठेवतात, त्याच्या धातूच्या कांड्या दोन्ही ग्लासांत बुडतात, मग प्लग लावतात. मिनिटाभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी होतं आणि वर गाळाचा तवंग येतो. दुसरा ग्लास तसाच स्वच्छ. "आजी, हे रोज पोटात जातंय तुमच्या. किडनी जाईल."

"आणि ती घाण असते कुठली?" पक्या विचारत होता. "पाण्यातली नाही, त्या कांडीच्या लोखंडाची! नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट जातो, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज तयार होतो. आरओच्या, म्हणजे क्षार गाळून टाकणाऱ्या मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून करंट जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यांच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच तपकिरी होईल."

गणित शिकवलेल्या बाईंना हे समजलं नसतं असं नाही. पण समोर पाणी काळवंडतंय, कोणी किडनीचं नाव घेतंय आणि घरात विचारायला दुसरं माणूस नाही, तेव्हा कांडी कशाची आहे हा प्रश्न कोणाला सुचतो?

पाण्याचं म्हणाल तर ठाण्याला पाणी येतं ते भातसा, उल्हास, बारवीचं, म्हणजे नद्या-धरणांचं. बोअरवेलसारखा खारेपणा त्यात नसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. अण्णांनी नंतर मीटर आणून मावशींच्या नळाचं पाणी मोजलं, तर ते शंभराच्याही आत होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं केंद्राला सांगितलं होतं. पुढे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जंतूंसाठी पाणी गाळावं, उकळावं, जंतू मारणारा यूव्ही दिवा लावावा, त्याबद्दल वाद नाही. पण टीडीएसच्या मीटरला जंतू कळतच नाहीत आणि हे लोक तोच मीटर दाखवून आजाराची भीती घालतात.

मन्या तरी आपलं सोडेना. "म्हणूनच म्हणतो, मुलाला विचारल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत."

तेव्हा अण्णा चिडले. त्यांना एवढं चिडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. "घर माझं, पेन्शन माझी, आणि नळवाला बोलवायला पोराची परवानगी? उद्या भाजी आणायलाही विचारायचं का?"

शैलाताई तोवर गप्प होत्या. बँकेतून निवृत्त झाल्यात, नेमकं बोलतात. त्या म्हणाल्या, "फसवणूक गणपतीच्या आधी झाली आणि आपल्याला कळली दिवाळीत. इतके दिवस मावशी का बोलल्या नाहीत, ते कोणी विचारलं का? मुलगा ओरडेल म्हणून. तो एटीएम कार्ड काढून घेईल, पुण्याला चल म्हणून मागे लागेल म्हणून. त्याच रात्री कोणाला सांगितलं असतं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करता आला असता, पैसे पुढे सरकण्याआधी अडवायला निदान प्रयत्न झाला असता."

मला शैलाताईंचं शंभर टक्के पटतं. मन्याच्या उपायाने हीच भीती वाढणार. आईवडिलांना 'तुम्हाला काही कळत नाही' असं ऐकवणारी मुलं वाईट असतात असं नाही, ती काळजीपोटीच बोलतात. पण त्या ओरड्याच्या धाकाने म्हातारी माणसं गप्प बसतात आणि ठगाला पुन्हा यायला मोकळं रान मिळतं. मावशींच्या बाबतीत तेच झालं. नवरात्रात तीच पोरं 'वार्षिक सर्व्हिस करार' घेऊन परत आली होती. त्याचे दोन हजार वेगळे.

पक्याची तक्रार वेगळीच होती. असल्या लोकांपायी गेटवर त्याचे कामगार अर्धा अर्धा तास उभे राहतात. मग त्याने स्वतःच्या धंद्यातलंही सांगून टाकलं, हे मला आवडलं. दर उन्हाळ्यात 'एसीतला गॅस संपला' म्हणून पैसे घेणारे आहेतच. "एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपात फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून दाखव म्हणायचं, नुसता गॅस भरणारा पुढच्या वर्षी परत येणारच. आणि काढलेला पार्ट घरातच ठेवून घ्यायचा. पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, जळला म्हणतो ना, मग तो जळका पीसीबी इथेच ठेव."

मन्या शेवटी एवढं मान्य करायला तयार झाला की परवानगीऐवजी थांबण्याचा नियम असावा. नंबर मशीनच्या जुन्या बिलावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच लावायचा आणि ठरलेल्या दुरुस्तीपलीकडे कोणी काही विकायला लागला तर त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. 'ऑफर आजच्यापुरती' असं ऐकलं की शेजारच्या कोणाला तरी हाक मारायची, पुण्याला फोन करायची गरज नाही. अण्णांनी लगेच स्वतःचं नाव दिलं.

आता पुढचं. मावशींकडे बिल म्हणून जो कागद आहे त्यावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, नुसता शिक्का आहे. पण पैसे त्यांनी यूपीआयने दिले, म्हणजे कोणाच्या खात्यात गेले त्याची नोंद आहे. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१८. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. मन्या म्हणतो, आधी नौपाडा पोलीस ठाण्यात जाऊ. शैलाताई म्हणतात, आधी बँकेचं स्टेटमेंट हातात घेऊ, मग काय ते लिहू.

मुलाला आधी सांगायचं की तक्रार झाल्यावर, यावर नऊ वाजेपर्यंत एकमत झालं नाही. शैलाताईंनी मग तो प्रश्न मावशींवरच सोपवला. उद्या सकाळी त्या दोघी बँकेत जाणार आहेत, तेव्हा शैलाताई त्यांना विचारतील.