‘ओके’ दाबा आणि पुढे चला

आपल्या संगणकाची विंडोज १० वरून विंडोज ११ वर बढती झाल्यापासून रोज सकाळी पडद्याच्या मधोमध एक लहानशी चौकट उगवत असेल, तर गांगरून जाण्याचे काहीच कारण नाही. त्या चौकटीत दोन-तीन ओळींचा मजकूर आणि त्याखाली ‘ओके’ नावाचे बटण असते. मजकूर हा केवळ बटणाला शोभा यावी म्हणून छापलेला असतो, हे एकदा मनाशी पक्के केले की निम्मे काम झाले. नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी मी स्वतः सात महिने हे बटण दाबले आहे. डाव्या हातात चहाचा कप, नजर खिडकीबाहेर आणि उजव्या हाताने ‘ओके’, इतके जमू लागले म्हणजे साधना फळाला आली असे समजावे.

या साधनेत नातेवाईक विघ्न आणतात. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, तिथं काय लिहून आहे ते वाचा ना एकदा.’’ मी बाणेदारपणे उत्तर दिले, ‘‘इंग्रजीत लिहून आहे.’’ आपणही असेच उत्तर द्यावे, कारण वाचण्याचे दुष्परिणाम फार लवकर दिसतात. चौकटीच्या माथ्यावर ‘रनडीएलएल’ असा शब्द असतो, खाली एका फाइलचा सबंध पत्ता असतो आणि शेवटी ‘दिलेले मॉड्यूल सापडले नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्या पत्त्यातील फोल्डरचे नाव मी पाहिले असते, तर ते आमच्या जुन्या प्रिंटरचे आहे आणि तो प्रिंटर आपण दोन दिवाळ्यांपूर्वी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिला आहे, हे पहिल्याच दिवशी उमगले असते.

मग उरलेली हकीकतही कळली असती, जी कळून घेण्याचा मोह आपण आवर्जून टाळावा. प्रिंटर गेला, तरी त्याचा मदतनीस प्रोग्रॅम संगणकातच राहिला होता. नव्या आवृत्तीने घर आवरताना त्याची फाइल बाहेर काढली. परंतु संगणक सुरू होताना कोणाकोणाला उठवायचे, त्या यादीतले त्याचे नाव खोडायचे राहून गेले. बदली होऊन गेलेल्या कारकुनाचे नाव हजेरीपटावर तसेच राहावे आणि शिपायाने रोज साडेदहाला त्याच्या नावाचा पुकारा करून, ‘साहेब, हे आले नाहीत,’ अशी वर्दी द्यावी, तसाच हा प्रकार आहे. संगणक बिघडलेला नसतो, तो फक्त प्रामाणिकपणे वर्दी देत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातील स्टार्टअपच्या यादीत, आणि तिथे नसल्यास ठरल्या वेळी कामे सुरू करून देणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये, ते नाव शोधून बंद करावे, एवढ्यावर पुकारा थांबतो. दोन-चार मिनिटांच्या अशा किरकोळ कामात आपल्यासारख्यांनी पडणे बरे दिसत नाही.

त्याऐवजी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि तोही ‘शट डाउन’ करूनच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा वर आणला जातो. अर्थात कालचा घोळ लोणच्यासारखा मुरतो. ‘रीस्टार्ट’ केल्याने मात्र सगळे खरोखरच नव्याने सुरू होते, म्हणून त्या बटणाच्या वाटेला जाऊ नये.

नवी आवृत्ती पसंत न पडल्यास जुनीवर परतण्यासाठी साधारणतः १० दिवसांची मुदत मिळते. ‘बघू, होऊन जाईल,’ असे म्हणत हे १० दिवस काढावेत. तेवढा धीर नसेल, तर तिसऱ्याच दिवशी जागा कमी पडते म्हणून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसून टाकावे. परतीची वाट त्याच फोल्डरातून जाते.

यानंतर शेजाऱ्यांचा सल्ला घ्यावा. आमच्या शेजाऱ्यांना चौकटीचे मूळ सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना अनोळखी प्रणालीला दारात अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, दिसले. प्रिंटरच्या मदतनिसाचा सिक्युअर बूटशी काय संबंध, असा प्रश्न विचारणे म्हणजे शेजारधर्माचा अपमान. मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जाग्या होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरून ते बंद केले. क्षणात निळा पडदा आला आणि डिस्कचे कुलूप उघडण्यासाठी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागू लागला. ती किल्ली मी दूरदृष्टीने जपून ठेवली होती. तिचा स्वच्छ फोटो त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर होता. तिची दुसरी प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असू शकते. पण ते खाते कोणत्या ईमेलने उघडले हे आठवणाऱ्या माणसावर ही वेळ येत नाही. सिक्युअर बूट पुन्हा चालू करून पाहावे, हेही शेजाऱ्यांना सुचले नाही आणि मला तर नाहीच.

आता उरते बर्डी, म्हणजे सीताबर्डीतले दुरुस्तीचे दुकान. मे महिन्यातील दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना, संगणकाचे कॅबिनेट स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभे करून मानेवाड्याहून सीताबर्डीपर्यंत न्यावे. पत्रा पोटऱ्यांना भाजतो आणि प्रत्येक खड्ड्यात आतून काहीतरी सुटल्याचा आवाज येतो. दुकानातल्या मुलाने कूलरसमोरून न उठता विचारले, ‘‘काय एरर येत होता काका?’’ मी सांगितले, ‘‘वाचला नाही बा.’’ तो समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारून देतो.’’ मी तेवढ्यात कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊन आलो. तोवर १२ वर्षांचे फोटो आणि तो प्रिंटरचा मदतनीस दोन्ही निघून गेले होते.

मुलगा मनाचा मोठा. त्याने आपल्या तर्फे संगणक साफ करणारा एक, ड्रायव्हर शोधणारा एक आणि वेग वाढवणारा एक, असे तीन प्रोग्रॅम फुकट टाकून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तीन चौकटी होत्या. तिन्हींखाली ‘ओके’ होते. तिन्ही दाबून होईपर्यंत चहा निवतो, म्हणून मी आता आधी चहा पिऊन घेतो.