‘शांततेची फी घेता का?’ या अभिप्रायाला संचालिकेचं उत्तर

नमस्कार,

आमच्या मुलांसाठीच्या ऑनलाइन विज्ञान वर्गाबद्दलचा तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तुमचा हिरमोड झाला याबद्दल दिलगीर आहे. रेकॉर्डिंगची लिंक उशिरा आली आणि त्याबद्दलच्या मेललाही वेळेवर उत्तर गेलं नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्याची माफी मागते. (रेकॉर्डिंगमधून बाकीच्या मुलांचे चेहरे आणि नावं काढल्याशिवाय ते आम्ही कुणालाच देत नाही, म्हणून वेळ लागतो. पण हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.)

तुमचे बाकीचे मुद्दे मी निमूट ऐकून घेतले असते. पण एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये: “ताई प्रश्न विचारतात आणि नुसत्या स्क्रीनकडे बघत बसतात. अर्धा तास असाच जातो. शांततेची फी घेता का?” आमच्यासारख्या छोट्या उपक्रमाकडे नवे पालक येतात ते हेच अभिप्राय वाचून. तेव्हा थोडं लांबलं तरी लिहितेच.

आधी ‘अर्धा तास’. आमचा वर्गच ४५ मिनिटांचा असतो. तुमचा अभिप्राय वाचून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं आणि घड्याळ घेऊन शांतता मोजली. सगळी मिळून सहा मिनिटंसुद्धा भरत नाही. ती जास्त वाटते हे मला कबूल आहे, कारण स्क्रीनसमोर कुणी बोलेनासं झालं की आपल्याला पहिल्यांदा नेटचाच संशय येतो.

आता ती सहा मिनिटं कशासाठी. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या. शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासून त्यांनी केलेला अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यांना दिसलं. तेच थांबणं ३ सेकंदांच्या वर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणं कमी होतं, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात आणि ज्यांच्याकडून शिक्षकांना फारशी अपेक्षा नव्हती तीही बोलायला लागतात. हे सगळं एका खोलीत समोरासमोर बसलेल्या मुलांबद्दल आहे.

आमचा वर्ग ऑनलाइन. शिवाय तो सगळ्यांसाठी खुला आहे, आणि प्रवेशाआधीच्या गप्पांमध्ये ही गोष्ट आम्ही प्रत्येक घराला सांगतो. वर्गात अडखळत बोलणारं मूल असू शकतं. कमी ऐकू येणारं मूल कॅप्शन, म्हणजे बोलण्याची स्क्रीनवर उमटणारी अक्षरं, वाचत असतं. ती कॅप्शन आवाजाच्या मागून येते, आणि आपोआप उमटणारी असली तर शास्त्रीय शब्द हमखास चुकवते, म्हणून दुसऱ्या ताई महत्त्वाचे शब्द हाताने टाइप करतात. दृष्टिहीन मुलाच्या कानात स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, चॅट वाचत असतो. त्याच वेळी ताई बोलत राहिल्या तर त्याच्या कानात दोन आवाज एकदम भांडतात आणि त्याला एकही कळत नाही. काही मुलं टॅबवरच्या चित्रांवर एकेक बोट ठेवत वाक्य जुळवतात. आपण बोलतो मिनिटाला शंभर-दीडशे शब्द. अशा साधनाने बोलणाऱ्याचे बहुतेकदा दहा-पंधराही होत नाहीत. त्या मुलाला उत्तर येत असतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून आमच्या ताई प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजतात. प्रशिक्षणात त्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. चांगल्या शिक्षकाला गप्प बसवत नाही.

कोणत्या मुलाला काय अडचण आहे हे मी इथे लिहिणार नाही आणि खाजगीतही सांगणार नाही. तुम्ही ‘तो एक मुलगा’ असा उल्लेख केला आहे. त्याचे आई-वडीलही हे पान वाचतात. जमलं तर तेवढी ओळ काढा, ही विनंती.

आता जे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, ते. त्या शांततेत रेकॉर्डिंगवर एक आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि तो मुलांपैकी कुणाचा नाही. “सांग ना, घर्षण! घर्षण म्हण!” असा. एकदा नाही, बऱ्याचदा. तुमच्या मुलाची हुशारी दिसावी असं तुम्हाला वाटतं, यात गैर काही नाही. मीही आई आहे. पण त्याच तासाला तुम्ही पाणी आणायला की कशाला उठून गेलात, तेव्हा त्याने स्वतःहून विचारलं की बर्फावर घर्षण कमी असतं तर मग बर्फावर चालणारा माणूस पुढे जातोच कसा. मला तरी त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच वाटला. तो ताईंच्या थांबण्यातून आला. पालकांनी जवळ असावं, माइक-कॅमेऱ्याला मदत करावी, मूल घाबरलं तर शेजारी बसावं, पण उत्तर सुचवू नये, हे प्रवेशाच्या पत्रकात ठळक अक्षरात आहे. ते पत्रक तुम्हाला मिळाल्याची पोच माझ्याकडे आहे. वादासाठी सांगत नाही, पण आहे.

‘हुशार मुलं ताटकळतात, त्यांची वेगळी फास्ट बॅच काढा’ असंही तुम्ही सुचवलंत. ते करणार नाही. मागणी आहे, चार पैसे जास्तही मिळतील, पण मग या उपक्रमाला ‘सर्वसमावेशक’ म्हणण्यात अर्थ राहत नाही. वेगळी बॅच काढली की पटकन उत्तर देणारी एकीकडे जातात आणि उरलेली ‘उरलेली’ होतात. त्यापेक्षा ज्याला उत्तर लगेच येतं त्याने थांबण्याच्या वेळात दुसरी पद्धत शोधावी, किंवा तेच चित्रातून मांडावं. ताई तुमच्या मुलाला हेच सांगत होत्या. त्याला तुम्ही ‘टाइमपास’ म्हटलंय.

काही मुलं चित्र काढून उत्तर देतात, काही बोलून, काही नुसता अंगठा दाखवून, आणि ‘सगळ्यांना एकच नियम का नाही’ हा तुमचा प्रश्न आहे. नियम एकच आहे: कल्पना कळली पाहिजे. ती कोणत्या वाटेने दाखवायची ते मूल ठरवतं. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गंमत नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या कास्ट या अमेरिकन संस्थेने शिक्षणाची रचना अशी असावी हे सविस्तर मांडलं आहे आणि जगभर शिक्षक ते वापरतात. कॅमेरा बंद ठेवायची मुभाही त्यातूनच आली आहे. काही मुलांना स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहिला की दुसरं काही सुचत नाही. खरं सांगायचं तर मोठ्यांचंही तेच होतं.

स्क्रीन फिकी का, असंही तुम्ही विचारलंय. तर लखलखणारी चित्रं आम्ही मुद्दाम टाळतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकलं तर काही मुलांना फिट येऊ शकते, म्हणून वेबसाइटच्या जागतिक सुलभता नियमांतच ती मर्यादा घातलेली आहे. रंग थोडे बरे करता येतील, ते बघतो.

बदलांचं म्हणाल तर थांबण्याच्या वेळी स्क्रीनवर हळूहळू भरत जाणारं एक वर्तुळ दाखवायचा विचार चालू आहे, म्हणजे घरच्यांना नेट गेलं असं वाटणार नाही. ते काही मुलांना घाई केल्यासारखं वाटेल का, हे आधी विचारावं लागेल. लिंकही लवकर पाठवण्याचा प्रयत्न राहील. प्रवेशाआधीच्या गप्पांमध्ये या शांततेबद्दल जास्त बोलायला हवं, हेही टीममध्ये ठरलं आहे.

उरलेल्या तासांची फी परत हवी असेल तर ती मिळेल, त्यासाठी तारे कमी करायची गरज नव्हती. तसा मेल कालच पाठवला आहे. दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा, आमचे मेल तिकडे जातात अशी तक्रार आहे. पुढच्या तासाला मुलं कागदाचे पूल बांधणार आहेत. तुमच्या मुलाची जागा अजून कुणाला दिलेली नाही. आठवड्याअखेरपर्यंत कळवलंत तर साहित्याची यादी पाठवते.

आपली,
संचालिका