'खासगी किनारा' असलेला व्हिला

बार्बाडोसमध्ये सुट्टीसाठी व्हिला भाड्याने घेण्याची ही आमची तिसरी खेप, आणि तिसऱ्यांदाही मोठ्या अक्षरांत छापलेल्या भाड्यावर साफसफाईचे शुल्क, सेवाशुल्क, कर आणि अनामत रक्कम चढत जाऊन शेवटी चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला झाला. एवढे मोजूनही एसी फक्त झोपायच्या खोल्यांत! पण खरा संताप येतो तो छायाचित्रांचा. २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ कॅरिबियन किनाऱ्यांवर लोटत आले आहे आणि ते कुजले की हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते, हे अटलांटिकच्या बाजूला घर भाड्याने देणाऱ्यांना ठाऊक नसेल, यावर विश्वास कसा ठेवावा? चित्रात पांढरीशुभ्र वाळू. प्रत्यक्षात गुडघाभर शेवाळ, दिवसभर बंद खिडक्या, आणि त्या वायूने चार दिवसांत काळवंडलेली माझी चांदीची जोडवी. तक्रार केली, तर मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "किनारा काही आमच्या मालकीचा नाही." ते खरेच आहे, कारण तिथले सगळेच किनारे सार्वजनिक आहेत, मग जाहिरातीत 'खासगी किनारा' हे शब्द कोणी लिहिले होते?