विषय कुणी ठरवायचा?

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांत सध्या चांगलीच जुंपली आहे. वाङ्मय मंडळाच्या मुलांनी वादविवादाला विषय दिला, 'पहिलीपासून तिसरी भाषा हवी का?' जून २०२५मध्ये सरकारने शासन निर्णय मागे घेईपर्यंत अख्खा महाराष्ट्र यावरच भांडत होता. कॉलेजने 'वादग्रस्त नको' म्हणून तो खोडला. त्याजागी आलं 'माझा आवडता कवी'. अर्धे म्हणतात, बरं झालं, कॉलेजात राजकारण कशाला? उरलेले मला, डब्लिनकराला, साक्षीला काढतात: परदेशात असं चालतं का?

चालायचं की! इथल्या ट्रिनिटी कॉलेजात १७७० सालची 'हिस्टॉरिकल सोसायटी' आहे. वुल्फ टोन हा बंडखोर तिचा ऑडिटर, म्हणजे प्रमुख, होता. १७९४मध्ये कॉलेजशी फाटलं आणि सभा आवाराबाहेर गेली. आत परतायला अट एकच: चालू राजकारणावर चर्चा नाही. केंब्रिज युनियनचे वादविवादही १८१७मध्ये विद्यापीठाने बंद पाडले, ते १८२१पर्यंत.

आणि इथलं सगळं डोक्यावर घ्यायचीही गरज नाही. डब्लिनच्या या सभेत बायकांना प्रवेश मिळायला १९६०चं दशक संपत आलं. आपल्याकडे १८४८मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली, तेव्हा मुंबई विद्यापीठही नव्हतं. दादाभाई नौरोजी त्यातलेच. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतः बिनपगारी शिकवलं. त्या काळी याहून वादग्रस्त काय असणार?

आमचं वाङ्मय मंडळ कसं होतं? नारळ, शाल, पाहुण्यांचं लांबलचक भाषण. मुलांची पाळी येईपर्यंत शिपाई पंखे बंद करत फिरायचा. अध्यक्ष प्राध्यापक, पैसा कॉलेजचा. फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहायला आणि खुर्च्या उचलायला तेवढे आम्ही. दुसऱ्याच्या पैशावर चाललेल्या मंडळाचा विषय दुसराच ठरवणार.

कॉलेजची भीती अगदीच खोटी नाही. असल्या विषयाला बाहेरचे झेंडेवाले येऊन बसतात, आणि निस्तरायचं प्राचार्यांना. म्हणूनच मुलांनी वर्गणी काढून, आपल्यातलाच अध्यक्ष निवडून, हा वाद कॉलेजबाहेर घ्यावा. १८९३पासून ग्रंथसंग्रहालय असलेल्या गावात चार भिंती मिळतील. पहिल्या वर्षीचं हॉलभाडं आपण जुने मिळून भरू, माझा वाटा आजच पाठवतो. विषय मात्र आपल्याला विचारायचा नाही.