बाळूचा ट्रस्ट, दहा एकर अन् वकिलाचा हिशोब

बाळूनं कुठंतरी रील बघितलं अन् डोक्यात खूळ घेतलं. टाय लावलेला कुणीतरी सांगायलाय म्हणे, मृत्युपत्र बित्र जुनं झालं, फॅमिली ट्रस्ट करा, कोर्ट नाही कचेरी नाही. झालं, वसमत रोडच्या टपरीवर आला की बाळूचं एकच, शेत, परभणीतला प्लॉट, बापाची एफडी सगळं ट्रस्टमधी टाकू अन् ट्रस्टी मी.

मास्तर म्हणले, "शाळा काढायलास का मंदिर बांधायलास?" आमच्याकडं ट्रस्ट म्हणलं की लोकाला संस्थाचालक अन् अनुदानच दिसतं, त्यात मास्तरांची काय चूक नाही. तेवढ्यात वकील आला, त्यानं सांगितलं की ते धर्मादाय आयुक्ताकडचे सार्वजनिक ट्रस्ट, १९५० च्या कायद्यातले. घरच्यासाठीचा खाजगी ट्रस्ट निराळा, मालमत्ता ट्रस्टीच्या ताब्यात अन् फायदा घरच्याला, तो १८८२ च्या कायद्याचा, अन् जिवंतपणी जमीन-घर त्यात टाकायचं तर रजिस्टर दस्त लागतो. "पण तुला कशाला पाहिजे बे? तुझ्या घरी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, कोण आहे, आजारी कोण आहे?"

बाळू म्हणला, "भांडण होऊ नये म्हणून."

"भांडण तर तूच लावायलास, बहिणीचं नाव कुठंय तुझ्या ट्रस्टमधी?"

इथून खरी गरम झाली चर्चा. बाळूचं म्हणणं, ताईचं लग्न २००१ ला झालं, पोरीला वाटा द्यायचा कायदा आला २००५ ला, तिचा संबंध नाही. हे आमच्या भागात दहातले आठ जण असंच सांगतात, छातीठोक. वकिलानं चहा खाली ठेवला. म्हणला, वडिलोपार्जित जमिनीत पोरीचा हक्क जन्मापासून, पोरासारखाच, लग्न कधी बी झालेलं असो, ९ सप्टेंबर २००५ ला, कायदा लागू झाला त्या दिवशी, बाप जिवंत असो का नसो. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्माच्या केसमधी हे मिटवून टाकलंय. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा झाला असंल तर ते मोडत नाही. "तुमची झालती का वाटणी?" नव्हती झाली.

"अन् बाप मृत्युपत्रात मला एकट्याला लिहून देतो म्हणला तर?"

"आपल्या हिश्श्यापुरतं देईल. दुसऱ्याचं कसं देईल?"

मग वकिलानं बोटावर हिशोब मांडला, तो मला लय आवडला म्हणून लिहितो. जमीन दहा एकर, खरंच वडिलोपार्जित धरू. बाप, आई, बाळू, धाकटा भाऊ, ताई. उद्या वाटणी झाली समजा तर पाच हिस्से, दोन-दोन एकर. आईला बी हिस्सा, हे ऐकून बाळूचं तोंड उघडंच राहिलं. बाप मृत्युपत्र करू शकतो ते त्याच्या दोन एकराचं. केलंच नाही तर ते दोन एकर चौघात, आई अन् तीन लेकरं, अर्धा-अर्धा एकर. म्हणजे मृत्युपत्र नसलं तर प्रत्येकाकडं अडीच एकर, बाळूच्या नावानं केलं तर बाळूला चार, बाकीच्याला दोन-दोन. "एवढ्या दोन एकरासाठी तू ट्रस्ट काढायलास?"

मास्तरांनी विचारलं, हे वडिलोपार्जितच आहे कशावरून? लय महत्त्वाचा प्रश्न होता तो. आजोबानं स्वतःच्या कमाईनं घेतलेली जमीन १९५६ नंतर आजोबा वारल्यावर वारसानं बापाकडं आली असंल तर ती बापाची स्वतःची धरली जाते, मग तो कुणाला बी देऊ शकतो. म्हणून पहिलं काम ट्रस्ट नाही, मृत्युपत्र बी नाही, पहिलं काम कागद काढायचं. फेरफार, १९५४ चं खासरा पत्रक म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी, त्याच्या आधीचे निजामाच्या काळातले उर्दू कागद. ते वाचायला आम्ही सलीमभाईच्या चाचांकडंच जातो, दुसरं कोण राहिलंय आता.

बाळूनं शेवटचा पत्ता टाकला, "ताईच्या लग्नात कर्ज काढून आठ लाख घातले." मास्तर काहीच बोलणार नाहीत असं वाटलं, पण बोलले. "ते कर्ज कशातून फेडलं? शेतातून. म्हणजे तिच्या हिश्श्यातून बी फेडलं. अन् तुझ्या लग्नाचा मांडव काय आभाळातून पडलता?" सगळे हसले, बाळू नाही हसला.

हक्कसोडपत्राचं आपल्याकडं कसं चालतं हे सगळ्याला माहीत आहे, भाऊ गाडी घेऊन आणायला जातो, बहीण रजिस्ट्रीत सही करती, घरी साडी-चोळी अन् पुरणपोळी. तिनं समजून-उमजून केलं तर कायद्यानं त्यात काही गैर नाही. पण किती जणी वाचून सही करतात? माहेर तुटू नये म्हणून करतात. अन् हेच भाऊ रस्त्यात जमीन गेली, मावेजा आला, सगळ्या हिस्सेदाराच्या सह्या लागल्या की परत बहिणीच्या दारात. मला हे पटत नाही, बाळूला मी तोंडावर बी सांगितलं.

सलीमभाई म्हणले, आमच्यात मृत्युपत्र एक तृतीयांशापुरतंच चालतं, अन् वारसापैकीच एखाद्याला जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती पाहिजे, ती बी माणूस गेल्यावर. म्हणून लोक जिवंतपणीच हिबा, म्हणजे बक्षीस, करतात, पण त्यात ताबा द्यावा लागतो, नुसतं लिहून भागत नाही. बाळू लगेच, मग आपण बी बक्षीसपत्रच करू, प्लॉटवर घर हाय, बाप लेकाला राहतं घर देत असंल तर मूळ स्टॅम्प दोनशे रुपयेच लागतो. हे मात्र बरोबर होतं. पण मास्तर भडकले. बापानं एसटीची नोकरी करून फंडाच्या पैशातून घेतलेला प्लॉट, तो आज तुझ्या नावानं केला अन् उद्या सूनबाईचं जमलं नाही तर म्हातारा-म्हातारी कुठं? रेमंडच्या विजयपत सिंघानियांनी २०१५ ला शेअर पोराच्या नावानं केले, पुढं काय तमाशा झाला ते सगळ्यानं टीव्हीवर बघितलं. वकील म्हणला, द्यायचंच असंल तर सांभाळ करायची अट दस्तात लिहा, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा हाय, सांभाळलं नाही तर कलम २३ खाली बक्षीस रद्द होतं. अट लिहिलेलीच नसंल तर म्हाताऱ्याला लय जड जातं.

प्लॉट स्वकष्टाचा, त्याचं मृत्युपत्र करायला बापाला कुणाला विचारायची गरज नाही. साधा कागद चालतो, शंभरचा बाँड लागत नाही, स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. दोन साक्षीदार मात्र पाहिजेत, अन् ज्याला मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका, बापाच्या वयाचे बी नका घेऊ, ते आधी गेले तर सही कोण ओळखणार. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. एफडीला बाळू नॉमिनी हाय म्हणून ती बाळूची, हे बी वकिलानं मोडून काढलं. बँकेच्या खात्याला आता चार नॉमिनी लावता येतात, नोव्हेंबर २०२५ पासून, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, पैसे घ्यायचे अन् वारसाला द्यायचे.

ट्रस्ट कुणाला लागतो ते मास्तरांच्याच घरात निघालं. त्यांच्या भावाच्या पोराला सेरेब्रल पाल्सी हाय, सोळा वर्षांचा. वकील म्हणला, इथं करा. दोन भरवशाचे ट्रस्टी, त्याच्या औषधाला अन् सांभाळणाऱ्याला महिन्याला पैसे, जमीन-घर कुणी विकू नये अशी अट. अन् अठराचा झाला की पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याच्या समितीकडं, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली. मास्तर गप झाले, मग वहीत लिहून घेतलं.

"अन् तुझं काय?" वकिलानं बाळूला विचारलं. "तू उद्या गेलास तर बायको-पोराबरोबर तुझी आई बी पहिल्या वर्गाची, म्हणजे सगळ्यात आधी हिस्सा मिळणारी, वारस हाय, बाप नाही. तुझं मृत्युपत्र केलं का?" बाळू म्हणला मी चाळीशीतला माणूस, मला कामून मारायलास.

शेवटी प्रश्न आला, प्लॉट लिहायचा कुणाला. आम्ही सगळे म्हणलो, आधी आईला. बाळू म्हणला, "आईच्या नावानं झाला तर ती ताईला दिऊन टाकंल."

"देऊ दे की," मास्तर म्हणले, "तिचा राहील तो."

बाळू गाडीला किक मारून निघून गेला, चहाचे पैसे बी सलीमभाईला द्यावे लागले. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, खासऱ्याची नक्कल कुठं मिळती. वकिलानं लिहिलं, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज कर, सोबत ताईला बी घेऊन ये. त्यावर बाळूचं अजून उत्तर नाही.